दाद व्यवस्था

सहा वर्षांत मास्तरांनी गायक महासंघाकडे सहा अर्ज केले होते आणि सहाही अर्जांना एकच उत्तर आलं होतं : 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे.' नोंद कुठे घेतात आणि घेतलेल्या नोंदीचं पुढे काय करतात, हे महासंघ सांगत नसे. मागणी साधीच होती. महासंघाच्या वार्षिक अधिवेशनात मंचावर बारा मिनिटं गायला मिळावीत. बारा हा आकडाही मास्तरांचा नव्हता. तिथे प्रत्येकाला बाराच मिनिटं मिळत. शास्त्रीय गायकाला बारा मिनिटं म्हणजे घसा खाकरून 'आता सुरुवात करतो' म्हणेपर्यंतचा वेळ. पण मास्तरांची तेवढ्यावरही तयारी होती.

सातव्या वर्षी मेहुण्याने सूत्रं हातात घेतली. मेहुणा कोर्टात कारकून होता आणि घरातल्या वाणसामानाच्या यादीवरही 'खालील सहीकर्ता' अशी सही करायचा. मास्तरांचा अर्ज वाचून त्याने तोंड वाकडं केलं.

"भावोजी, 'मिळावीत ही नम्र विनंती' असं लिहिलंत तर कोण देणार? विनंती म्हटली की समोरचा पाय पसरून बसतो. दाद मागा, दाद!"

आणि त्याने सांगितलं तसं मास्तरांनी लिहून घेतलं : 'सबब, गेली सहा वर्षे माझ्या अर्जांची दाद घेतली न गेल्याने मी आपल्याकडे दाद मागत आहे. यंदा तरी दादेची संधी मिळावी, अन्यथा पुढील पाऊल उचलणे भाग पडेल.' पुढचं पाऊल कोणतं हे दोघांनाही माहीत नव्हतं, पण वाक्य वाचल्यावर मास्तर स्वतःलाच जरा घाबरले.

आठव्या दिवशी उत्तर आलं. 'दादेसंदर्भात आपली एकमताने निवड झाली असून तिन्ही दिवस आपली उपस्थिती आवश्यक आहे. निवास व चहापाणी महासंघातर्फे.'

मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. बायकोने एकदाच वाचलं आणि विचारलं, "दोघांचं चहापाणी ना?"

त्यानंतरचे तीन महिने मास्तरांनी एकाच बंदिशीचा पिच्छा पुरवला. ते शाळेत संगीत शिकवत. त्या तीन महिन्यांत सातवीच्या वर्गाला ती बंदीश पाठ झाली, वरच्या मजल्यावरचे शेजारी ती शिट्टीवर वाजवायला लागले, आणि बायको भाजी निवडताना मास्तर कुठे अडणार ते आधीच ओळखून मान हलवायला लागली.

पण या सगळ्याच्या मुळाशी बारा मिनिटं नव्हती. मुळाशी बाई होती. जगाला ती 'बाई' होती, महासंघाची अध्यक्षा होती, तिच्या गाण्याला लोक तिकीट काढून जात. मास्तरांना मात्र ती गुरुजींच्या घरी तंबोऱ्याच्या तारा तोडणारी, दोन वर्षांनी धाकटी गुरुभगिनी होती आणि अजूनही त्यांना 'दादा' म्हणायची. दोघं अकरा वर्षं एकाच सतरंजीवर बसून शिकले. शेवटी गुरुजी एवढंच म्हणाले होते, "हिचा गळा चांगला, तुझा कान चांगला." गुरुजी तेवढ्यावर थांबले आणि मास्तर गेली तीस वर्षं पुढच्या वाक्याची वाट बघत होते. त्या तीस वर्षांत बाईची एकही मैफल त्यांनी चुकवली नव्हती. पहिल्या रांगेत बसायचे, ऐकायचे, योग्य जागी हात उठायचा, बाई खूश व्हायची. पण त्या काळात त्यांचं गाणं तिने एकदाही ऐकलं नव्हतं. आपल्याला गळा आहे की फक्त कानच आहे, हे सांगू शकेल असं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते सदैव स्वतः गात असायचं.

अधिवेशनाच्या माहितीपत्रकात शहराचं नाव कमी वेळा आणि 'प्रेरणादायी' हा शब्द जास्त वेळा होता. प्रेरणादायी नदी, प्रेरणादायी पूल, टेकडीवरचा प्रेरणादायी घड्याळमनोरा. मास्तरांच्या खोलीच्या खिडकीतून गाद्यांच्या दुकानाची मागची भिंत दिसत होती.

"तुम्हाला काही होतंय का?" बायकोने भिंतीकडे बघत विचारलं.

"काय व्हायला पाहिजे?"

"प्रेरणा."

"झोप येतेय."

"गाद्यांचा परिणाम असेल," ती म्हणाली आणि खिडकी उघडायला गेली. पण खिडकीच्या फटींना आधीच कुणीतरी चिकटपट्टी लावून ठेवली होती. संपूर्ण हॉटेलात हीच तऱ्हा होती. प्रेरणा बाहेर होती, पण बाहेर वारा होता, आणि वारा घशाला वाईट. तीनशे बारा गायक गळ्याभोवती मफलर गुंडाळून, बगलेत गरम पाण्याचे थर्मास धरून जिन्यांतून फिरत होते. लिफ्टमध्ये तर कहरच. ती सुरू झाली की बारीक गुणगुण करायची. पहिल्याच फेरीत आतल्या सहाही गायकांनी नकळत तिचा सा धरला.

"पट्टी काळी दोन," एक जाडजूड गृहस्थ डोळे मिटून म्हणाले.

"दोनला जरा कमीच," दुसऱ्यांनी दुरुस्ती केली.

मास्तरांच्या बायकोला चौथ्या मजल्यावर उतरायचं होतं. पण आलाप चालू असताना मधूनच उठून जाणं बरं दिसेना, म्हणून ती सातव्यापर्यंत गेली.

नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं. नावाखाली 'गायक' किंवा 'गायिका' छापलेलं असायचं. बायकोच्या नावाखाली 'सोबत' होतं. मास्तरांच्या नावाखाली होतं 'दाद'.

मास्तरांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "हे काय?"

"काना राहिलाय हो," बायको म्हणाली. "बाई तुम्हाला दादा म्हणते ना, तिने तसंच सांगितलं असेल. छापणाऱ्याने काना खाल्ला."

हे पटण्यासारखं होतं. अध्यक्षेने आपल्याला जाहीरपणे दादा म्हणावं, या विचाराने मास्तर जरा ताठ झाले आणि कार्यक्रमपत्रिका घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. नावं बारीक अक्षरात, बारा-बारा मिनिटांनी, चार वेगवेगळ्या सभागृहांत. चारही सभागृहांचे तिन्ही दिवस वाचून झाले. चष्मा काढून, पुसून, परत घालून वाचले. त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

ते चिटणिसांकडे गेले. चिटणीस हा महासंघातला गाता न येणारा एकमेव माणूस होता आणि म्हणूनच सगळी कामं त्याच्याकडे होती. मास्तरांना पाहून त्याच्या जिवात जीव आला.

"आलात! सुटलो बुवा. मला वाटलं, तुम्ही नाही आलात तर माझं काही खरं नाही."

मास्तरांना हे आवडलं. "माझं नाव पत्रिकेत दिसत नाही."

"दिसत नाही? सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे! शेवटचं पान बघा."

शेवटच्या पानावर चहाच्या वेळांच्या वर एक चौकट होती. 'दाद व्यवस्था. मुख्य सभागृह, पहिली रांग, डावीकडून दुसरी खुर्ची. सकाळी नऊ ते सायंकाळी सहा.' आणि पुढे मास्तरांचं नाव.

"ही काय भानगड आहे?" मास्तरांचा आवाज पांढरी पाचपर्यंत चढला.

चिटणिसाने त्यांना खांद्याला धरून बाजूला घेतलं. "मास्तर, तुमच्यापासून काय लपवायचं. हे गायकांचं अधिवेशन. इथे सगळ्यांना गायचंय, ऐकायचं कुणालाच नाही. स्वतःची बारा मिनिटं झाली की माणूस चहाला जो जातो तो संध्याकाळीच दिसतो. गेल्या वर्षी शेवटचे गायक गात होते तेव्हा सभागृहात कोण होतं? तारा गुंडाळणारा एक माणूस! त्याने त्यांच्या पायाखालची तार ओढली, ती त्यांना दाद वाटली, आणि ते आणखी वीस मिनिटं गायले. म्हणून यंदा समितीने ठरवलं, निदान एक तरी खात्रीचा ऐकणारा नेमायचा. नेमकं तेव्हाच तुमचं पत्र आलं."

"मी त्यात दाद मागितली होती!"

"संधी मागितली होती. आम्ही दिली."

"अहो, दाद म्हणजे न्याय! गाऱ्हाणं! कोर्टात मागतात ती दाद!"

चिटणिसाने त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. "हा गायकांचा महासंघ आहे हो. इथे दाद म्हटल्यावर दुसरं काय कळणार? तुमचं पत्र वाचून समितीतल्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, सहा वर्षं बिचारा दुसऱ्याला दाद द्यायची संधी मागतोय आणि आपण नोंदी घेत बसलोय! बाई तर म्हणाल्या, दादासारखा ऐकणारा होणे नाही."

हे शेवटचं वाक्य मास्तरांच्या वर्मी लागलं. पण तोंडातून निघालं भलतंच. "आणि ते पुढचं पाऊल उचलण्याचं?"

"त्यावर बरीच चर्चा झाली. ते ठेक्यातलं काहीतरी असावं असं ठरलं."

खोलीवर आल्यावर बायको म्हणाली, "सामान अजून सोडलं नाहीये. निघायचं तर आत्ताच निघू. नाहीतर सरळ बाईकडे जा आणि सांगा, मला गायचंय."

"तिच्याकडे भीक मागू? मग ती ऐकणार नाही, उपकार करेल."

"मग?"

"चिटणिसाने शब्द दिलाय. कुणी गळालं तर ती बारा मिनिटं माझी. तीनशे बारा माणसं आहेत, सर्दीपडशाचे दिवस आहेत..."

"देवाजवळ लोकांची सर्दी मागताय?"

"मागत नाही. शक्यता सांगतोय."

पण गायक गळत नसतात हे मास्तरांना कळायला हवं होतं. एकजण तापाने फणफणलेले आले आणि तापातच गायले. एका गायिकेचा पाय प्लास्टरमध्ये होता; त्यांना खुर्चीसकट मंचावर चढवलं. एकांचा आवाज पूर्ण बसला होता. त्यांनी बारा मिनिटं नुसते हातवारे केले आणि शेवटी "आज आवाजाने साथ दिली नाही, पण भाव पोचला असेल" असं त्यांच्या शिष्याकडून सांगवलं.

डावीकडून दुसऱ्या खुर्चीत मास्तर बसले ते रागानेच बसले. दाद द्यायचीच नाही, असं ठरवून बसले. पण तिसऱ्याच गायिकेने एक सूर असा अलगद ठेवला की मास्तरांच्या घशातून "आहा" निघून गेलं. काही इलाज नव्हता. गाण्यात ठेक्याचं चक्र फिरून परत पहिल्या मात्रेवर येतं, तिला सम म्हणतात. तिथे गाणारा आणि वाजवणारा एकमेकांना गाठतात आणि ऐकणाऱ्याचा हात उठतो. मास्तरांचा हात समेवर असा पडे की तबलजी त्यांच्याकडे बघून वाजवू लागले. मात्र सूर चुकला की तोच हात गुडघ्यावर दगडासारखा पडून राही. हाताला भीडभाड नव्हती. ती मास्तरांकडे होती, पण हात त्यांचं ऐकत नसे.

दुपारपर्यंत ही गोष्ट चारही सभागृहांत पसरली. संध्याकाळी मुख्य सभागृह भरलेलं होतं. लोक गाणं ऐकायला आले नव्हते, मास्तरांचा हात बघायला आले होते. कुणी सूर लावला की तीनशे माना आधी डावीकडून दुसऱ्या खुर्चीकडे वळत, हात उठला की मग सगळे "वा!" म्हणत.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी मास्तरांच्या टेबलाशी रांग होती. लिफ्टमधले जाडजूड गृहस्थ सर्वांत पुढे.

"काल माझ्या तिसऱ्या आलापाच्या वेळी तुम्ही चष्मा पुसत होता."

"धुरकट झाला होता."

"आलाप?"

"चष्मा."

"पण मी वरच्या सुरावर होतो तेव्हाच नेमका धुरकट झाला?"

मास्तरांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. एका गायिकेने खडीसाखरेची डबी टेबलावर सरकवली, "सहज हो, घशासाठी." दुसऱ्यांनी आपण दुपारी तीन वाजता गाणार असून मध्यलयीत एक जागा फार नाजूक आहे, तेव्हा लक्ष असू द्यावं, असं कानात सांगितलं. एक तरुण गायिका म्हणाली, "सर, तुमचा हात माझ्या वेळी दोनदा अर्धवट उठला. अर्धवट म्हणजे किती गुण?"

बायको हे सगळं चहा पीत बघत होती. रांग संपल्यावर ती म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं तुमच्या ताटात वाढतेय. ही व्यवस्था घरी कधी सुरू होणार?"

"आवडलं की मी दुसऱ्यांदा घेतो ना."

"ते भूक लागली म्हणून. हात उठल्याचं मी तरी पाहिलं नाही." आणि ती गळ्यातलं 'सोबत' सारखं करून घड्याळमनोरा बघायला निघून गेली. अधिवेशनाच्या तीन दिवसांत ते प्रेरणादायी शहर प्रत्यक्ष पाहिलेली ती एकटीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता बाईचं गाणं होतं. अध्यक्षेला बारा मिनिटांचा नियम नव्हता, तिला पाऊण तास होता. मास्तर खुर्चीत बसले तेव्हा त्यांनी ती बारा मिनिटं मनातून जवळपास काढून टाकली होती. कुणी गळालं नव्हतं. संध्याकाळी समारोप, आणि मग परतीची गाडी.

बाई मंचावर आली, तंबोरे झंकारले, तिने नेहमीसारखं पहिल्या रांगेत बघून मान किंचित हलवली आणि सुरुवात केली. वीस मिनिटं सगळं ठीक चाललं. मास्तरांचा हात चारदा उठला. मग ती वरच्या सा कडे निघाली. याच सुरासाठी लोक तिकीट काढायचे. मास्तरांना ती वाट पाठ होती : आता एक वळण, मग थोडं थांबणं, मग तो सूर.

सूर आला. केसभर खाली आला.

कुणाच्या लक्षात येण्याजोगं नव्हतं ते. पण सवयीने तीनशे माना डावीकडून दुसऱ्या खुर्चीकडे वळल्या. हात गुडघ्यावर होता. मास्तरांनी हाताला सांगून पाहिलं. बाबा रे, तीस वर्षांचा संबंध आहे, अध्यक्षा आहे, एकदा ऊठ. हात ढिम्म.

बाईनेही पाहिलं. ती परत त्या वाटेने गेली, परत वरच्या सा वर आली. परत केसभर खाली. हात तिथेच. सभागृहात इतकी शांतता झाली की कुणाच्या तरी थर्मासचं झाकण फिरवल्याचं ऐकू आलं. तिसऱ्यांदा ती त्या सुराच्या पायरीपर्यंत गेली, थबकली, आणि तिथूनच खाली उतरली. पाऊण तासाचं गाणं तिने अर्ध्या तासात आटोपलं.

चिटणीस धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काय केलंत हे! ऐन वेळी दाद बंद पडली! हात आखडलाय का? बर्फ आणू?"

"बर्फ नको. घसा धरेल," मास्तर यंत्रवत म्हणाले.

"हाताला हो! आणि बाईंनी आत बोलावलंय. ताबडतोब."

मंचामागची खोली लहान होती. भोवती दिवे लावलेला आरसा, दोन लाकडी खुर्च्या, खुंटीवर शाल, कोपऱ्यात आडवे ठेवलेले तंबोरे. मास्तरांबरोबर बायकोही आत शिरली. दारावरच्या माणसाने अडवलं तेव्हा तिने गळ्यातलं 'सोबत' दाखवलं.

"दार लाव," बाई म्हणाली.

मास्तरांनी लावलं.

"हात का नाही उठला?"

"हाताचं काय ते..."

"दादा."

"सूर कमी होता."

"किती?"

मास्तरांनी अंगठा आणि तर्जनी समोर धरून अंतर दाखवलं. बाईच्या चेहऱ्याकडे बघून ते जरा कमी केलं.

"खरं दाखव."

त्यांनी परत वाढवलं.

बाई खुर्चीत बसली. आता ही रडणार की ओरडणार, याचा मास्तर अंदाज घेत राहिले. तिने थर्मासमधलं पाणी ओतून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "दोन वर्षं झाली. मला ऐकू येतंय, पण कुणी बोलतच नाही. शिष्या 'वा' म्हणतात. पेपरवाले 'आवाज अधिक परिपक्व झाला आहे' असं लिहितात. परिपक्व म्हणजे काय रे?"

"पिकलेला. पिकला की खाली येणारच."

"मेल्या!" बाई म्हणाली आणि तिला हसू आलं. "आता काय करू?"

"पट्टी उतरव. अर्धा सूर खाली घेऊन गा. वरचा सा आपोआप मिळेल."

"लोक काय म्हणतील?"

"लोक आजकाल माझ्या हाताकडे बघतात."

यावर बाई पुन्हा हसली, आणि प्रकरण मिटल्यासारखं झालं. मास्तर निघायच्या बेतात होते. तेवढ्यात बायकोने घसा खाकरला. तीन दिवस गायकांत राहून तिलाही ते जमायला लागलं होतं.

"तुमचं झालं असेल तर ह्यांचं सांगू का? हे इथे दाद द्यायला आलेच नव्हते. मागायला आले होते."

"अगं, जाऊ दे..." मास्तर पुटपुटले.

"का जाऊ दे? तीन महिने मी ती बंदीश ऐकलीय. भाजीबरोबर ऐकलीय, झोपेत ऐकलीय. माझ्या भावाने सांगून लिहवलेलं पत्र होतं ते, कोर्टातल्या भाषेत. ह्यांना बारा मिनिटं गायचं होतं. तुमच्यासमोर."

बाईला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे... दाद म्हणजे... ती दाद?" आणि मग ती जी हसत सुटली ती ठसका लागेपर्यंत. "समितीत मी पाठ थोपटली रे सगळ्यांची! काय नम्र माणूस आहे म्हणाले मी!" ठसका थांबल्यावर तिने डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "दादा, तू अजून गातोस?"

या प्रश्नात वाईट काही नव्हतं. म्हणूनच तो जास्त लागला.

"शाळेत शिकवतो. घरी गातो."

"मला कधी बोलला नाहीस."

"बोलणार कधी? मी ऐकत होतो."

बाईने कोपऱ्यातला एक तंबोरा उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मास्तरांची पाचावर धारण बसली. "अगं, तू कशाला..."

"तुझी पट्टी सांग."

"पांढरी एक."

तिने खुंट्या पिळल्या, तारा छेडल्या. मास्तर समोरच्या खुर्चीवर बसले. खुर्ची डगमगत होती, की तेच डगमगत होते, सांगता येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि खालचा सा लावला. तीन महिने ज्या जागांवर रोज घाम गाळला होता त्या जागा एकेक करून येऊ लागल्या. काही आल्या, काही आल्यासारख्या झाल्या. खालच्या सुरांत ते जरा रमले, एका सुरावर जास्त वेळ थांबले. समोरून अगदी हळू "आहा" असं ऐकू आलं. मास्तरांना वाटलं भास झाला. त्यांनी एक डोळा उघडून पाहिलं. बायको भिंतीला टेकून उभी होती आणि तिचं तोंड बंद होतं. म्हणजे ते बाईचं होतं.

मग ते वर जायला निघाले आणि तिथे त्यांची फरफट झाली. एक सूर निसटला, दुसरा चेपला गेला. कसेबसे उतरून ते पहिल्या ओळीवर परतले आणि थांबले.

"खरं सांगू?" बाई म्हणाली.

"सांग."

"खाली चांगलं गातोस. तिथे तू माझ्यापेक्षा बरा आहेस, आणि हे बाहेर बोललास तर मी कानावर हात ठेवीन. पण वर जायला लागलास की सातवीच्या वर्गापुढे उभा राहतोस. ओरडतोस. आणि तोंड किती ते बारीक! दाढेला औषध लावल्यासारखं."

बायकोने श्वास रोखून मास्तरांकडे पाहिलं. घरी कुणी एवढं बोललं असतं तर दोन दिवस अबोला पाळला असता या माणसाने. पण मास्तरांच्या चेहऱ्यावर, लग्नाच्या फोटोतही नव्हता असा आनंद पसरला होता. चूक काढली होती! गाणाऱ्याचीच चूक काढतात. ऐकणाऱ्याची कोण काढतं?

"आणखी?" ते पुढे सरकत म्हणाले.

"पंचम चिकट लावतोस."

"आणखी?"

"शब्द गिळतोस. अरे, पुरे ना, एका दिवसात किती!"

दारावर थाप पडली. चिटणिसाचा रडवेला आवाज आला. "बाई, समारोपाची वेळ झाली. तीनशे माणसं थांबलीत. सगळे मिळून घसे खाकरतायत, मला ऐकवत नाही हो!"

"सांगा, अध्यक्षा कामात आहेत," बाई म्हणाली. "अंतरा राहिलाय ना रे?"

"राहिलाय."

"मग म्हण. या वेळी तोंड उघडून."

मास्तरांनी तोंड उघडलं. दाढ दिसेल इतकं उघडलं. अंतरा वर जाणारा होता, त्यामुळे धोका होता. पण या वेळी ते ओरडले नाहीत, नुसते चढत गेले आणि पडता पडता सावरत एका आडवळणाने समेकडे यायला लागले. बाई ऐकत होती. डोळे बारीक करून, मान तिरकी करून, मन लावून ऐकत होती. पण आयुष्यभर तिला स्वतः समेवर पोचायची सवय होती, दुसरा पोचेपर्यंत थांबायची नव्हती. मास्तर अजून चार मात्रा दूर होते तोच तिचा हात दिमाखात वर गेला आणि हवेतच राहिला.

मास्तर गाता गाता थांबले. "अगं, सम अजून यायचीय."

"मग ये ना लवकर!" बाई डाफरली. "इथे हात वर धरून किती वेळ बसू?"